ठुशीखालची ग्रंथी

मित्रांनो, मी एक जुनी ग्रंथी आहे आणि अठ्ठेचाळीस वर्षं एकाच गळ्यात राहते आहे. डॉक्टर मला थायरॉईड म्हणतात. शाळेच्या पुस्तकात माझं नाव अवटू असं छापलेलं असतं. उज्जैनच्या माधव नगरातल्या बायका मात्र म्हणतात, "तिला थायरॉईड झालाय." जणू मी सर्दी-पडसं आहे. थायरॉईड कुणाला होत नसतो, तो सगळ्यांनाच असतो. तुमच्याही गळ्यात एक आहे. गळ्यावर बोटं ठेवून आवंढा गिळलात, तर जो उंचवटा वरखाली सरकतो, त्याच्या जरा खाली आमचं घर. माझं वजन दोन तोळ्यांच्या आसपास आहे. माझ्या मागे श्वासनळी, तिच्या मागे अन्ननळी. त्यामुळे घरातलं माणूस काय गिळतं आणि काय बोलतं, ते सगळं मला कळतं. मला तोंड तेवढं नाही.

ज्या गळ्यात मी राहते तो मुक्ताचा. ती देवासला आपल्या आईच्या पोटात होती, तेव्हा मी आधी तिच्या जिभेच्या मुळाशी तयार झाले आणि मग हळूहळू सरकत खाली गळ्यात आले. सुरुवातीला मला काम येत नव्हतं. तेवढे दिवस तिच्या आईच्या गळ्यातल्या ग्रंथीनं दोघींचं भागवलं. मग मी शिकले आणि कामाला लागले.

काम समजायला सोपं आहे. मिठातून, दुधातून पोटात गेलेलं आयोडीन रक्तात येतं. ते मी उचलते आणि त्यापासून संप्रेरकं बनवून रक्तात सोडते. शरीराच्या प्रत्येक पेशीत एक बारीकशी शेगडी असते असं समजा. त्या शेगडीची आच किती ठेवायची, हे माझी संप्रेरकं ठरवतात. हृदयानं किती वेगानं धडधडायचं, आतड्यांनी अन्न किती लवकर पुढे ढकलायचं, हातपाय किती ऊबदार राहायचे, केस आणि कातडी किती मऊ, डोकं किती तल्लख आणि मन किती हलकं, या सगळ्यात माझा हात असतो. आच फार वाढली तर माणूस घामानं निथळतो, हात थरथरतात, खाल्लेलं अंगी लागत नाही. आच मंदावली की काय होतं, ते पुढे सांगते. कारण ते माझ्याच बाबतीत घडलं.

माझ्यावर एक वरिष्ठ आहे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी बसते आणि तिथून मला हाका मारते. तिच्या हाकेला तपासणीच्या कागदावर टीएसएच म्हणतात. मी नीट काम करत असले की ती हळू बोलते. मी मंदावले की तिचा आवाज चढतो. म्हणून कागदावर टीएसएच वाढलेलं दिसलं, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ मी कमी पडते आहे असा असतो. लोक नेमकं उलटं समजतात.

लहानपणी मुक्ता घरात चालायची नाही, धावायची. वयात येताना मी थोडी मोठी झाले, तेव्हा तिच्या आईनं गळा चाचपून पाहिला आणि काळजी केली, पण ते आपोआप निवळलं. मुक्ता गणितात एमएस्सी झाली आणि लग्न होऊन उज्जैनला आली. सासरचे लोक शिंद्यांच्या दरबारातल्या कारकुनांचे वंशज. आता दरबार नाही. मुक्ताचे यजमान शैलेंद्र विम्याच्या कचेरीत आहेत, पण देवघरात कुळदेवतांचे चांदीचे टाक ओळीनं मांडलेले असतात आणि त्यांची रोजची पूजा कधी चुकलेली नाही. लग्नाच्या दिवशी सासूबाईंनी, अहल्याबाईंनी, आपली ठुशी काढून मुक्ताच्या गळ्यात घातली. ती बरोबर माझ्यावर आली. पाहणाऱ्यांनी ठुशीचं फार कौतुक केलं. मी तिच्या खाली आपलं काम करत होते.

मुक्ताची मुलगी भार्गवी पोटात होती, तेव्हा मी दोघींसाठी काम केलं. पहिले तीन महिने त्या जिवाला माझ्याशिवाय दुसरा आधार नव्हता, आणि ही गोष्ट त्या घरात कुणालाच माहीत नव्हती. भार्गवी आता भोपाळला शिकते आणि हुशार आहे. थोडं श्रेय माझं आहे. मी ते कधी मागितलं नाही.

नानाखेड्याकडच्या मुलींच्या एका शाळेत मुक्ता दहावीला गणित शिकवते. तिची एक खोड होती. फळ्यावर उदाहरण लिहिलं, की ते सोडवायच्या आधीच ती उत्तर फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची आणि त्यावर तळहात ठेवून उभी राहायची. मुली वहीत घामाघूम होऊन उत्तर काढायच्या, आणि मग ही हात बाजूला करायची. "हाथ चलाओ, हाथ," असं म्हणत ती वर्गात फिरायची. मुलींना ती आवडायची, आणि मला तिचा आवाज आवडायचा. तो माझ्या अगदी डोक्यावरून निघतो.

सहा-सात वर्षांपूर्वी माझ्यावर हल्ला झाला. हल्ला करणारे परके नव्हते. शरीरात रोगजंतूंशी लढणाऱ्या पहारेकरी पेशी असतात. त्यांतल्या काही मलाच परकी समजून कुरतडू लागल्या. असं का होतं ते डॉक्टरांनाही पूर्ण ठाऊक नाही. बायकांमध्ये जास्त होतं, एवढं ते सांगतात. मी रागावले नाही, पण वाईट वाटलं. इतक्या वर्षांच्या ओळखीचा काही उपयोग झाला नाही. हळूहळू माझा माल कमी पडू लागला.

शेगड्यांची आच मंदावली तसं एकेक दिसू लागलं. ऐन एप्रिलात मुक्ता पंखा बंद करा म्हणू लागली. फणीत केसांचे पुंजके येऊ लागले. टाचा फाटल्या, पोट साफ होईना, सकाळी चेहरा सुजलेला. खाणं तेवढंच, तरी वजन वाढलं. आवाज जाडा झाला. संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिचा डोळा लागायचा. मी कुरतडली जात होते आणि सुजतही होते, त्यामुळे पुतण्याच्या लग्नात तिनं ठुशी घातली तेव्हा मागचा गोंडा नेहमीच्या जागी बसेना. तिला वाटलं आपण जाड झालो. तिनं गोंडा सैल केला आणि मांडवात गेली.

पुढे एकदा रक्त तपासलं, टीएसएच बरंच चढलेलं निघालं आणि गोळी सुरू झाली. ही गोळी म्हणजे माझंच संप्रेरक, कारखान्यात बनवलेलं. मला तिचा मत्सर वाटला नाही. आपल्याच्यानं होत नाही तेव्हा बदलीवर कुणी येत असेल तर येऊ द्यावं, असं माझं मत आहे.

पण बदलीवरची गोळी कामावर पोचतच नव्हती. त्याचं कारण सांगते.

अहल्याबाईंनी चाळीस वर्षं देवघरातली पूजा केली. देवांना नैवेद्य दाखवेपर्यंत त्या पाण्याचा थेंब घेत नसत. गुडघे गेल्यावर त्यांनी पूजा मुक्ताकडे दिली, आणि न सांगताच तो नियमही तिच्याकडे आला. पहाटे उठायचं, अंघोळ करायची, एकेक टाक पुसून गंध-फूल वाहायचं, आरती, नैवेद्य. तोवर तोंड कोरडं. मग लगेच शाळेची घाई. त्यामुळे ओट्याशी उभ्या उभ्या दुधाचा चहा, चहाच्या पहिल्या घोटाबरोबर थायरॉईडची गोळी आणि दुसऱ्या घोटाबरोबर कॅल्शियमची. कॅल्शियमची गोळी हाडांसाठी शैलेंद्ररावांनी सुरू करायला लावली होती. चहा, दूध आणि कॅल्शियम, तिघांनी मिळून माझ्या बदलीला आतड्यातच अडवून ठेवलं. थोडीशी रक्तात जायची, बरीचशी वाया.

डॉक्टर दर वेळी विचारायचे, "गोली खाली पेट लेती हैं ना?" मुक्ता म्हणायची, "जी, बिलकुल खाली पेट." ती खोटं बोलत नव्हती. आमच्या शहरात पोहे म्हणजे खाणं, जलेबी म्हणजे खाणं. चहा कुणी खाण्यात धरत नाही. दारावर आलेल्या माणसाला चहा पाजून वर विचारतात, काही खाल्लंत की नाही. डॉक्टरही इथलेच, पण त्यांच्या मनात रिकामं पोट म्हणजे फक्त पाणी. दोघांचं अगदी छान जमायचं आणि गोळीची ताकद वाढायची. पन्नासाची पंचाहत्तर झाली, पंचाहत्तराची शंभर. पिट्यूटरीचा आरडाओरडा काही कमी होईना. प्रत्येक सकाळचा तो चहाचा घोट माझ्या मागून खाली जायचा, आणि मला काहीच करता यायचं नाही.

मग जुलैमध्ये ती गोष्ट झाली. दहावीच्या वर्गात मुक्तानं फळ्यावर एक वर्गसमीकरण लिहिलं. कोपऱ्यात उत्तर लिहायला ती गेली आणि तिथे काही लिहिलंच नाही. सोडवायला लागली, तर अर्ध्यावर खडू थांबला. पुढची पायरी डोक्यात येईना. पहिल्या बाकावरच्या मानसी नावाच्या मुलीनं अगदी हळू आवाजात पुढची पायरी सांगितली. मुक्तानं ती लिहिली, "बराबर," असं म्हणाली आणि घंटा होईपर्यंत खुर्चीवर बसून राहिली. तिच्या गळ्यात आलेला आवंढा मला लागला. तो खाली जायला फार वेळ लागला.

प्राचार्याबाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी सहावीचा वर्ग घ्या, थोडं हलकं होईल. ते मुक्ताला जास्त लागलं. तिनं त्यांना सांगून टाकलं, की दिवाळीच्या सुट्टीनंतर ती स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज आणून देईल. शैलेंद्ररावांना ते पटलं. पुष्कळ केलंस, आता तब्येत सांभाळ, असं ते म्हणाले. अहल्याबाईंनी फक्त विचारलं, गोळी रोज घेतेस ना. घेते, असं मुक्तानं सांगितलं. तेव्हा मग हे वयाचंच असणार, असं घरात सर्वांनी धरून टाकलं. अठ्ठेचाळीस हे काही विसरायचं वय नव्हे. मी तिच्याच वयाची आहे म्हणून सांगते.

श्रावणात, महाकालाच्या सवारीमुळे सोमवारी शाळा बंद आणि रविवारी चालू असायची त्या दिवसांत, शैलेंद्ररावांचे इंदूरचे चुलतकाका वारले. घराला दहा दिवसांचं सुतक लागलं. सुतकात पूजा नाही. टाक नुसते झाकून ठेवले. आता सकाळी कशासाठी थांबायचं नव्हतं. नंतर विसरायला नको म्हणून मुक्ता उशाशी ठेवलेली गोळी जाग आल्याबरोबर पाण्यानं घेऊन टाकायची, आणि मग अंघोळ, आवराआवर करून तासाभरानं चहा घ्यायची. पहिल्याच दिवशी नुसत्या पाण्याचा तो घोट मागून गेला तेव्हा मी चमकले. इतक्या वर्षांत प्रथमच गोळी एकटी खाली गेली होती.

सुतक संपत आलं तसा तिच्या डोळ्यांवरचा जडपणा किंचित उतरला. हात तेवढे गार राहिले नाहीत. एका दुपारी मुलींच्या वह्या तपासताना तिनं एक उत्तर मनातल्या मनात काढलं आणि दचकून पेन खाली ठेवलं. मग सुतक फिटलं, टाक पुन्हा उजळले, पूजा सुरू झाली, चहा सुरू झाला. थोड्या दिवसांत सगळं पहिल्यासारखं झालं.

मुक्ताला हे कळलं होतं, पण तिनं त्याचा भलताच अर्थ लावला. देवांपासून दूर राहिले तेव्हा बरं वाटलं, म्हणजे आपल्याच मनात काही खोट आहे, असं तिला वाटू लागलं. ती पूजेत जास्त वेळ बसू लागली. कुणाशी बोलली नाही. ती शरमेनं गप्प होती, आणि मी गप्प होते कारण मला तोंड नाही.

सप्टेंबरात पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरांनी कागद पाहिला, कपाळ चोळलं आणि गोळी सव्वाशेची करण्यासाठी पेन उचललं. मुक्ता एकदम म्हणाली, "डॉक्टर साहब, एक बात है. कहने में शरम आती है."

"बोलिए ना."

"सूतक में मैं ठीक थी."

डॉक्टरांनी पेन ठेवलं. सुतकात काय काय वेगळं होतं ते त्यांनी विचारलं, आणि मुक्तानं सकाळपासूनचं सगळं सांगितलं. पूजा नव्हती. म्हणून उठल्या उठल्या गोळी. पाण्यानं. चहा नंतर. मग त्यांनी विचारलं, की एरवी गोळी कशाबरोबर घेता. "चाय के साथ," ती म्हणाली, "पर खाती कुछ नहीं हूँ." डॉक्टरांनी आपल्याच कपाळाला हात लावला आणि सांगितलं, की हे त्यांनीच नीट विचारायला हवं होतं. सव्वाशेची गोळी त्यांनी लिहिली नाही. गोळी पाण्यानं, चहा तासाभरानं, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त, एवढंच त्यांनी सांगितलं.

सांगणं सोपं होतं. पूजेनंतर गोळी घेऊन तासभर थांबावं, तर शाळा चुकते. आणखी लवकर उठावं, तर तेवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं. रात्री घ्यावी, तर जेवणानंतर दोन-तीन तास जागं राहायला हवं, आणि मुक्ता ताटावरच पेंगायची. उरला एकच रस्ता, पूजेआधी पाणी पिण्याचा. तो तिला नको होता. त्या संध्याकाळी ती अहल्याबाईंजवळ बसली आणि सगळं सांगून शेवटी म्हणाली, "आई, नोकरी तर सोडतेच आहे मी. मग सकाळी काही घाई नाही. पूजा करून आरामात गोळी घेईन. तोपर्यंत चलेल तसं चलेल."

अहल्याबाईंनी ऐकून घेतलं आणि जपमाळ पुढे सुरू केली. मला वाटलं, संपलं. देवघर जिंकलं आणि फळा हरला. मला खरंच फार वाईट वाटलं, कारण मुक्ताचा खडू थांबला तो माझ्यामुळे, आणि त्याची भरपाई माझी बदली करू शकत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुक्ता उठून पलंगावर बसली, तर दारात अहल्याबाई उभ्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या एवढ्या सकाळी कधी उठत नसत. एका हातानं भिंत धरलेली, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. अर्धं पाणी वाटेत सांडलं होतं.

"आधी गोळी घे," त्या म्हणाल्या.

"आई, पूजा व्हायचीय अजून."

"ठाऊक आहे. चाळीस साल मीच केली ना. देवांना मी सांगून आलीय, आता हिला पाणी पिऊ द्या म्हणून."

मुक्ता पेल्याकडे पाहत राहिली. अहल्याबाईंनी पेला तसाच पुढे धरून ठेवला.

"तो नियम माझा होता, मुक्ता. मी घेतला होता, मीच सोडवते. तुला शिकवायचंय अजून. घे बेटा."

मुक्तानं गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी प्यायली. मित्रांनो, माझ्या मागून आजवर हजारो घोट गेले असतील. हा घोट मी विसरणार नाही. त्यात रडूही होतं, त्यामुळे तो जरा अडकत गेला, पण गेला.

दुसऱ्याच दिवशी गुण आला असं मी सांगणार नाही, कारण तसं होत नसतं. आच हळू मंदावते आणि हळूच वाढते. आधी पोट सुधारलं. मग संध्याकाळची पेंग गेली. मग तळहात ऊबदार झाले. दिवाळीच्या आधी रक्त तपासलं, तेव्हा पिट्यूटरीचा आवाज इतका खाली आला होता की मलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. केस मात्र अजून पूर्ण आलेले नाहीत आणि वजन थोडंच उतरलं आहे. ठुशीचा गोंडा अजूनही सैलच बांधावा लागतो.

सुट्टीनंतर शाळा उघडली. प्राचार्याबाईंनी अर्जाचं विचारलं. मुक्ता म्हणाली, अर्ज लिहिलेलाच नाही, आणि दहावीचा तास आहे म्हणून निघते. वर्गात जाऊन तिनं फळ्यावर उदाहरण लिहिलं. जुलैमधलंच समीकरण होतं, नुसते आकडे बदललेले. अर्ध्यावर तिनं खडू थांबवला. मानसीनं काळजीनं वर पाहिलं आणि हळूच पुढची पायरी सांगितली. मुक्ता म्हणाली, "और आगे? हाथ चलाओ." मानसीनं वहीत उत्तर काढलं. तेव्हा मुक्तानं फळ्याच्या कोपऱ्यावरचा तळहात बाजूला केला.

मित्रांनो, मी आता बरी होणार नाही. माझा बराचसा भाग कुरतडला गेला आहे. पण माझं एक ऐका. घरातलं कुणी उन्हाळ्यात पांघरूण घेत असेल, विसरत असेल, बसल्या जागी झोपत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका, वय झालं असंही म्हणू नका. आधी रक्त तपासायला सांगा. गोळी चालू असेल तर ती कशाबरोबर घेतात तेही विचारा, आणि चहा मोजायला विसरू नका. आणि डॉक्टरांना सांगायची शरम वाटेल अशी एखादी गोष्ट असेल, तर ती सगळ्यात आधी सांगा.

आता रोज पहाटे भिंतीला धरून येणाऱ्या अहल्याबाईंची पावलं ऐकू येतात. मग पेल्याचा आवाज, मग पाण्याचा घोट, आणि त्यानंतर देवघरात घंटा वाजते. त्या घरात कुणाला तरी निवृत्त व्हायचंच होतं, ती मी झाले. मुक्ताला शाळेत जायचं आहे.